मक्याची वाटणी

मका चिकात आला आणि चांगुणाच्या घरातली बोलणी कमी झाली. भांडण मिटलं होतं म्हणून नव्हे. दोघांनाही ठाऊक होतं की आता तोंड उघडलं तर विषय मक्याचाच निघणार, म्हणून तिचा नवरा मच्छिंद्र जेवताना भिंतीकडे बघायचा आणि चांगुणा तव्याकडे.

एरवी या दिवसांत विचार करायचं कारणच नसायचं. दसरा झाला, दाणा नखाने दाबल्यावर पांढरा चीक बाहेर यायला लागला की जैनुद्दीनच्या कुट्टी मशीनला सांगावा जायचा. ताट, पान, कणीस सगळं हिरवंगार असतानाच कापायचं, बारीक कुट्टी करायची, गोठ्यामागच्या खड्ड्यात घालून तुडवायची आणि वर ताडपत्री, ताडपत्रीवर माती. आत हवा राहता कामा नये. दीड-दोन महिन्यांनी तोंड उघडलं की आंबूसगोड वासाचा मुरघास तयार. आसपासचं रान करपून जाईपर्यंत गाया त्याच्यावर निभायच्या.

गेल्या साली मात्र मका थोडा पेरला आणि मुरघास होळीलाच संपला. उसाचं वाढं, विकतचा कडबा, जे मिळेल ते घालून बघितलं. शेवटी वैशाखात चांगुणाने बांडी गाईचं दावं स्वतःच्या हाताने सोडलं आणि लोणीच्या बाजारात व्यापाऱ्याच्या हातात दिलं. बांडी टेम्पोत चढेना. चांगुणाकडे मान वळवून उभी राहिली. व्यापाऱ्याने शेपटी पिरगाळली तेव्हा ती चढली. त्या दिवशी घरी येऊन चांगुणा रडली नाही, पण तिने एक मनाशी धरलं, दावणीवरची आणखी एकही गाय असल्या कारणाने जाऊ द्यायची नाही. हरणी, तांबडी आणि मोगरा, तीन राहिल्या होत्या. त्यातली हरणी गाभण होती.

आणि यंदा मका झाला होता छातीच्या वर, तर मच्छिंद्रच्या डोक्यात इथेनॉल शिरलं.

घाटाच्या पायथ्याला नवा कारखाना उभा राहिला होता. तो ऊस गाळत नव्हता, मका गाळत होता. त्याला काहीतरी भलंमोठं नाव होतं, पण गावात सगळे त्याला नुसतं 'इथेनॉल' म्हणायचे. "इथेनॉलला चाललोय," म्हटलं की समजायचं. पूर्वी मका म्हणजे कोंबड्यांचं खाणं. व्यापारी म्हणेल तो भाव आणि वर त्याचेच उपकार. आता इथेनॉलच्या गेटवर ट्रॅक्टरच्या रांगा लागत होत्या आणि व्यापारी वस्तीवर येऊन चहा पीत होते. मच्छिंद्रला त्याची फार मौज वाटायची.

"आगं, पेट्रोलमदी ह्येच मिसळत्यात आता," तो एकदा न राहवून बोललाच. "परदेशात जानारा पैसा आपल्या बांधावर यायलाय. आपला मका मुंबई-पुन्याच्या गाडीत जळायलाय. हाय का न्हाई?"

"हाय की. आन आपल्या गाईनं काय प्यावं, पेट्रोल?"

"कारखान्याचा चोथा मिळतो. मका आंबवून झाला की जे उरतं ते. अजिनाथ आनतो गोनीनं."

"अजिनाथच्या गाया बघितल्या का तुमी? त्याच्या एका गोनीला बुरशी हुती. चार दिस ढाळत हुत्या बिचाऱ्या."

"एका गोनीचं काय धरून बसलीस? बाकीच्या गोन्या चांगल्या निघाल्या."

अजिनाथ म्हणजे त्यांचा शेजारी, बांधाला बांध लागलेला. त्याने उन्हाळ्यात इथेनॉलला मका घातला होता आणि दारात नवी मोटारसायकल आणली होती. ती तो मच्छिंद्रच्या दारावरून जाताना जरा हळूच न्यायचा.

चांगुणाला कारखान्याला शिव्या देता आल्या असत्या, तर तिचं निम्मं काम सोपं झालं असतं. पण तिथेच तिची जीभ अडायची. कारण तिचा ज्ञानेश्वर त्याच कारखान्यात लागला होता. आधी तो नागापूरला एमआयडीसीत होता, चौघांत एक खोली, महिन्यातून एकदा घरी यायचा तो डोळे खोल गेलेला. आता संध्याकाळी दारात गाडी लागायची आणि पोरगं गरम भाकरी खायचं. गेटवर मालाची तपासणी करायचं काम होतं. अजून कायम केलेलं नव्हतं, पण दिवाळीनंतर करू असं साहेब म्हणाले होते. आईला आणखी काय हवं असतं? इथेनॉलने तिचं पोरगं परत दिलं होतं आणि आता तेच इथेनॉल तिच्या गाईंच्या तोंडचं मागत होतं.

म्हणून तिने तोड काढली. आणि ती तोड तिचीच होती, हे पुढे ती कधी विसरली नाही.

रात्रीच्या जेवणाला तिघं बसली होती. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "वाटनी करू."

"कसली?" मच्छिंद्रने भिंतीवरची नजर काढली.

"मक्याची. कनसं तुमची, ताटं माझी. तुमी कनसं मोडा आन न्या तुमच्या इथेनॉलला. मी ताटाचा मुरघास घालते."

मच्छिंद्र आधी हसला. नवराबायकोत कधी शेताची वाटणी झाली होती का? पण जसजसा विचार केला तसतसं त्याला ते पटत गेलं. एका दगडात दोन पक्षी. शहाणी बायको मिळाली, असं तोंडाने नाही म्हणाला, पण दुसरी भाकरी मागितली.

"पर एक हाय," चांगुणा म्हणाली. "ताटं वाळू द्यायची न्हाईत. वाळली की सरपन हुतंय त्याचं. हिरवी हायेत तवरच कनसं मोडायची."

ज्ञानेश्वर इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. त्याने मान वर केली. "आई, मग दाणा ओला राहील."

"चार उनं दिली की वाळतोय," मच्छिंद्र म्हणाला.

"दादा, चौदाच्या वर ओलावा गेला तर माल घेत न्हाईत. यंत्रावर दिसतंय."

"आन यंत्र कोनाच्या हातात असतंय?"

ज्ञानेश्वरने उरलेला घास तोंडात घातला. त्याने ताटात पाणी ओतलं आणि उठला. मच्छिंद्रने बायकोकडे बघून डोळा मिचकावला. चांगुणाला ते आवडलं नाही, पण वाटणी झाली होती आणि ती मोडायची तिची इच्छा नव्हती.

चीक आटून दाणा भरेपर्यंत थांबून कणसं मोडायला दोघंच उतरली. मक्यात शिरलं की वारा बंद. पानाची कड गालाला, मानेला लागायची आणि घाम त्यात उतरला की आग आग व्हायची. चांगुणाने नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवला होता, तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. कणीस धरायचं, खाली पिरगाळायचं, करकन मोडायचं, पाठीवरच्या पाटीत टाकायचं. संध्याकाळपर्यंत मनगटं सुजायची. मोडलेल्या जागेतून रस निथळायचा. एवढा रस आहे म्हणजे ताट जिवंत आहे, असं म्हणून चांगुणा खूश व्हायची. मग सोललेल्या कणसाचा दाणा दाताखाली धरायची, तो कट्‌ न वाजता दबायचा, आणि तिची खुशी ओसरायची.

कणसं अंगणात पसरली. पहिल्या दिवशी ऊन कडक पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारून आभाळ आलं. परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता. डोंगरापलीकडे कुठेतरी गुरगुरायचा आणि इकडे नवराबायकोची धावपळ व्हायची. ताडपत्री टाक, ताडपत्री काढ. पाऊस काही पडायचा नाही, पण ताडपत्रीखाली कणसांना घाम सुटायचा. पुढचेही दिवस असेच गेले. मच्छिंद्र चिडून आभाळाला शिव्या द्यायचा आणि आभाळ काही ऐकायचं नाही.

जैनुद्दीन मध्येच एकदा येऊन गेला. गावात कुट्टी मशीन त्याचं एकट्याचं. हंगामात त्याची बारी धरायला लोक त्याच्या घरी दूध पोचवायचे. तो आला तो मोटारसायकल ढकलत.

"काय जैनूभाई, गाडी दमली?"

"दमंल न्हाई तर काय! म्हातारी गाडी. नवीन पेट्रोल सोसंना तिला. टाकीत पानी सुटलं म्हनतो फिटर." त्याने गाडी स्टँडला लावून मशीनच्या तेलाने काळे झालेले हात धोतराला पुसल्यासारखे पँटला पुसले. "अजिनाथच्या नव्या गाडीला कायबी हुत न्हाई. तीच सोय हाय, वहिनी. नवी गाडी घ्या, मका पाजा. आन मका माझ्या मशीनमदी येईना झाला, माझ्या गाडीच्या टाकीत येतोय. आता मी तक्रार कुनाकडं करू?"

चांगुणा हसली. जैनुद्दीनने शेतातलं एक ताट मोडून बघितलं, वास घेतला.

"कनसं काढलीत तुमी?"

"व्हय. वाटनी झाली आमची."

"मुरघास आंबतो तो कनसाच्या जोरावर, वहिनी. नुसती ताटं म्हंजे गूळपानी बक्कळ लागंल. तरी जमंल का न्हाई, मी सांगत न्हाई." त्याने ताट बांधावर टाकलं. "परवा सकाळी तुमची बारी. परवा चुकली तर मी नदीपल्याड जातोय. मग दिवाळीपातुर न्हाई."

त्या रात्री चांगुणाला नीट झोप लागली नाही. आपण शहाणपण केलं की माती केली, हे तिला कळेना.

मळणी यंत्र आलं ते जैनुद्दीनच्या बारीच्या आदल्या दिवशीच. ओला दाणा यंत्रात नीट सुटेना. निम्मा अख्खा निघाला, निम्मा चेचून पिठाळ होऊन पडला. मच्छिंद्रने तो ढीग पसरू दिला नाही. आभाळ खाली उतरलं होतं. त्याने सरळ ट्रॉली लावली, दाणा भरला आणि वर ताडपत्री बांधली. सकाळी चांगुणाने ताडपत्रीखाली हात घातला. आतून ढीग गरम लागला. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यासारखं तिला वाटलं. तिने हात काढून घेतला आणि ज्ञानेश्वरचा डबा भरायला घरात गेली.

"चल की तूबी," मच्छिंद्र म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज मोकळा होता. "पोरगं कुठं काम करतंय ते एकदा बघ. जैनूभाई यायच्या आत माघारी येऊ."

ती ज्ञानेश्वरचा डबा मांडीवर घेऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली.

कारखान्याचा वास गेटच्या बराच आधी लागला. आंबलेल्या पिठासारखा, थोडा गोड, थोडा मळमळवणारा. रस्त्याच्या कडेने ट्रॅक्टरची रांग होती. पुढे अजिनाथचा ट्रॅक्टर. तो खाली उतरून तंबाखू मळत उभा होता.

"या या मच्छिंद्रभाऊ. तुमचं बरं हाय बाबा. तुमाला काय तपासनी न् काय! घरचंच गेट."

"तर वो," मच्छिंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझा माल माघारी येतो व्हय?"

गेटवर दोन रांगा व्हायच्या. डावीकडे एक म्हातारा कामगार होता, उजवीकडे ज्ञानेश्वर. अजिनाथ डावीकडे गेला. मच्छिंद्रने हँडल उजवीकडे मारलं.

चांगुणाने आपल्या पोराला बघितलं आणि क्षणभर ओळखलं नाही. डोक्यावर पिवळी टोपी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. हातात लांब पोकळ सळई होती, मालातून नमुना काढायची परखी. तो येताना वाकला नाही, हसला नाही. मागे काचेच्या खोलीत एक साहेब बसला होता, तो बाहेरच बघत होता.

"ताडपत्री काढा," ज्ञानेश्वर म्हणाला. बापाला म्हणाला की रांगेतल्या कुठल्याही ड्रायव्हरला म्हणावं तसं म्हणाला, कळलं नाही.

त्याने ट्रॉलीवर चढून परखी मागे खुपसली, मध्ये खुपसली, पुढे खुपसली. प्रत्येक वेळी दाणे हातावर घेऊन बघितले. मग खाली उतरून ते यंत्रात ओतले. चांगुणाने डबा घट्ट धरला. तिला काय हवं होतं, हे तिलाच सांगता आलं नसतं. यंत्राने हो म्हटलं तर नवऱ्याचा मान राहत होता. नाही म्हटलं तर, कोण जाणे कसं, पण दाणा घरी येत होता. एवढा विचार मनात आला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"बावीस," ज्ञानेश्वर म्हणाला.

"परत लाव," मच्छिंद्र म्हणाला.

ज्ञानेश्वरने दुसरा नमुना लावला. "तेवीस, दादा."

मच्छिंद्र खाली उतरला. पोराजवळ गेला, आवाज खाली आणला. "वरचा काढ की. वरचा वाळलाय."

"तीन ठिकाणचा काढायचा असतोय."

"एक आकडा सांगायला काय जातंय तुझं? तेरा म्हन."

ज्ञानेश्वरने परखी ट्रॉलीला टेकवली. "आत टाकीत डोंगराएवढा माल हाय, दादा. ओला दाणा आत गेला की सगळा गरम हुतोय. बुरशी धरली की वाया. आन चोथ्यातनं तीच बुरशी गाईंच्या पोटात जाती. अजिनाथकाकाच्या गोनीत आली ती कुठनं आली आसंल?"

"मला शिकवतोस व्हय?"

"न्हाई. मी सांगतोय. माझ्याच्यानं तेरा म्हनवनार न्हाई."

डावीकडच्या रांगेत अजिनाथचा ट्रॅक्टर आत निघाला होता. तो जाता जाता थांबला. "काय झालं, मच्छिंद्रभाऊ? पोरानं बापालाच माघारी लावलं व्हय?" रांगेतले दोघेचौघे हसले. मच्छिंद्रने त्यांच्याकडे बघितलं नाही. काचेमागचा साहेब उठून उभा राहिला होता.

चांगुणा मडगार्डवरून उतरली आणि डबा पुढे केला. "ज्ञानू, डबा."

त्याने दोन्ही हातांनी घेतला. मग डोळे खाली ठेवूनच तो म्हणाला, "गाडी मागं घ्या. मागची रांग खोळंबलीय."

भरलेली ट्रॉली मागे घेणं म्हणजे खेळ नव्हे. मच्छिंद्र त्यात पटाईत होता. गावात अवघड जागी ट्रॉली लावायची तर लोक त्याला बोलवायचे. त्या दिवशी त्याला ते जमेना. ट्रॉली एकदा इकडे वळली, एकदा तिकडे, एकदा गेटच्या खांबाला घासली. मागच्या सगळ्यांना आपापले ट्रॅक्टर मागे घ्यावे लागले. कुणी ओरडत होतं, कुणी हात करून दिशा दाखवत होतं. मच्छिंद्रच्या मानेवरून घाम वाहत होता. चांगुणा रस्त्यावर उभी राहून ते सगळं बघत होती आणि कुणाचाही राग करायला तिला जागा सापडत नव्हती. वाटणी तिने केली होती. हिरवी असताना मोडा, हे तिने म्हटलं होतं. बापलेकांच्या मध्ये ती स्वतःच येऊन बसली होती.

मच्छिंद्रने ट्रॅक्टर वस्तीच्या रस्त्याला लावला. आभाळ गडगडत होतं. ताडपत्रीच्या कडेने वाफ निघत होती. दाणा आणखी तापला होता.

शेवटी तिनेच तोंड उघडलं. "मी वाटनी मोडली."

तो समोरच बघत राहिला.

"ऐकताय का? कनसं तुमची, ताटं माझी, ते मोडलं. सगळं एक करू. जैनूभाई आला आसंल. दाना कुट्टीत घालायचा, खड्ड्यात."

"मळलेला दाना कुनी पुरतं का? लोक शेन घालतील तोंडात."

"आन उद्या काळा पडलेला दाना उकिरड्यावर टाकला तर हार घालतील व्हय?"

मच्छिंद्रने ट्रॅक्टर थांबवला. रस्त्याच्या मधोमध. चांगुणाला वाटलं, आता हा आपल्याला उतरवतो. त्याने फक्त पालथ्या हाताने तोंड पुसलं.

"पोरगं तेरा म्हनलं न्हाई," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत."

"सगळ्यांदेखत तुमी मागितलं. एकांतात मागितलं आसतं तरी म्हनला नसता. कुनाचा हाय त्यो?"

त्याने गिअर टाकला.

जैनुद्दीन बांधावर बसला होता. त्याने निम्मं रान कापून कुट्टी खड्ड्यापाशी ढीग करून ठेवली होती आणि वैतागला होता. "वहिनी, घरात मानूस न्हाई, चहा न्हाई, आभाळ ह्ये असं. मी निघालो हुतो."

चांगुणाने त्याला सगळं सांगितलं. गेटचंही सांगितलं. मच्छिंद्रने ऐकून तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. जैनुद्दीनने ट्रॉलीतला दाणा ओंजळीत घेऊन चोळला.

"मळनीतच निम्मा चेचलाय. ते बरंच झालं, अख्खा दाना गाईच्या शेनात पडतो. बाकीचा कुट्टीसंगं मशीनमदनं काढू, फुटंल तेवढा फुटंल." मग त्याने बोट वर केलं. "पर मी ग्वाही देनार न्हाई. आसं मी केलेलं न्हाई कधी. बिघडलं तर माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत."

"माझ्या नावानं मोडते की," चांगुणा म्हणाली.

दुपारभर कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. मशीनचा आवाज कानात भरला होता. मच्छिंद्र खड्ड्यावरून ट्रॅक्टर मागेपुढे फिरवत होता, थर दाबत होता. कडेला चाक पोचत नव्हतं तिथे चांगुणा पायांनी तुडवत होती. कुट्टीचे तुकडे तळव्यांना टोचत होते, मधूनच दाण्याचं टोक भेगेत जायचं आणि ती डोळे मिटून घ्यायची. मीठ आणि गूळपाणी शिंपडायची, पुन्हा तुडवायची. गोठ्यातून हरणी दावं ताणून, मान लांब करून वास घेत होती. आभाळ अगदी डोक्यावर आलं होतं. पाऊस आला तर सगळंच गेलं, हे कुणी बोलत नव्हतं.

मावळतीला ज्ञानेश्वरची गाडी दारात लागली.

तो गोठ्यामागे आला आणि खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. डबा हातात होता. ट्रॉलीतला दाणा कुठे गेला, ते त्याला खड्ड्यात बघितल्यावर कळलं. जैनुद्दीनने मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. मच्छिंद्र ट्रॅक्टरवर पाठमोरा बसून होता.

"जेवलास का?" चांगुणाने विचारलं. एवढंच तिला सुचलं.

"जेवलो."

खोटं बोलला, हे तिला डब्याच्या वजनावरून नंतर कळलं.

ज्ञानेश्वरने डबा बांधावर ठेवला. कंपनीचे बूट काढले, मोजे बुटांत खोचले, जाकीट काढून बाभळीला अडकवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खड्ड्यात उतरला. आईच्या बाजूला उभा राहून तुडवायला लागला. आई आणि लेक कडेकडेने पाय टाकत पुढे सरकत होती.

मग मच्छिंद्र ट्रॅक्टरवरून उतरला. खाली वाकून त्याने मूठभर कुट्टी उचलली. मुरघासाची परीक्षा अशीच असते: मुठीत घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. पाणी गळलं तर ओली, मुटका होऊन हळूहळू सुटला तर बरोबर, लगेच विस्कटली तर कोरडी. दरवर्षी ही परीक्षा मच्छिंद्रच करायचा, आणि त्याच्या मुठीवर आजवर कुणी शब्द काढला नव्हता. त्याने दाबलं, मूठ उघडली, बघितलं. परत मिटली. चांगुणाचे पाय थांबले.

तो पोरासमोर जाऊन उभा राहिला आणि हात पुढे केला.

"बघ रं."

ज्ञानेश्वरने बापाच्या तळहातावरची कुट्टी घेतली. दाबली. उघडली. त्याच्या ओठांवर एक शब्द आला आणि त्याने तो गिळला.

"चालंल, दादा."

"आसं नको," मच्छिंद्र म्हणाला. आवाज घोगरा होता. "सकाळी सांगितलंस तसं सांग."

ज्ञानेश्वरने बापाकडे बघितलं. पुन्हा मूठ दाबली. उघडली. कुट्टी बोटांतून सुटून खाली पडली.

"कोरडी हाय. दाना मिसळल्यानं वरचे दोन थर कोरडे झालेत. आसंच झाकलं तर बुरशी धरंल."

जैनुद्दीनने आभाळाकडे बघितलं. वरचे दोन्ही थर उकरायचे, पुन्हा पाणी, पुन्हा तुडवणं, आणि उजेड उरला होता तो एवढासा.

मच्छिंद्रने मान हलवली, एकदाच. खोरं उचललं आणि स्वतःच वरचा थर उकरायला लागला. उकरता उकरता मागे न बघता ओरडला, "आगं ऐकलं न्हाई का? ज्ञानू कोरडी म्हनतोय! गुळाचं पानी आन!"

चांगुणा बादली उचलून हौदाकडे पळाली. तळवे फाटले होते, प्रत्येक पावलाला झोंबत होते, आणि इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या ओरडण्याने तिला आज पहिल्यांदाच बरं वाटत होतं.